एक चित्रपट आणि द्राक्षाची विद्या



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला, तेव्हापासून गावात थोडी कुजबूज चालू आहे, हे माझ्या कानांवर आले आहे. परवा बाजारात एका जुन्या विद्यार्थ्याने मला थांबवले आणि म्हणाला, "सर, जन्मभर आम्हाला रसायनशास्त्र शिकवलेत, आता व्यासपीठावरून दारू शिकवणार का?" व्याख्यानमालेच्या चिटणिसांनीही भीतभीतच विचारले होते, "विषय वाइनचाच घ्यायचा का? द्राक्षासव म्हटले तर?" मी म्हटले, नको. द्राक्षासव वैद्याच्या कपाटात असते आणि चमच्याने घेतात. मला जे सांगायचे आहे ते पेल्यातले आहे. त्याला त्याच्याच नावाने हाक मारू.

प्रथमच एक कबुली देतो. मी स्वतः वाइन पीत नाही. यापुढेही पिईन असे वाटत नाही. म्हणजे आपल्यापुढे आज एक पोहता न येणारा माणूस समुद्राविषयी बोलणार आहे. परंतु काठावर बसूनही भरती-ओहोटीचे शास्त्र शिकता येते. मला ते एका करमणुकीच्या चित्रपटाने शिकवले, आणि तो चित्रपट मी का पाहिला हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माझे थोरले बंधू द्राक्षबागायतदार. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाला आणि नाशिककडच्या एका वाइनरीत प्रयोगशाळेत नोकरीला लागला. घरात पेढे वाटले गेले नाहीत. दादांनी त्याच्याशी बोलणेच टाकले. त्यांचा राग पोकळ नव्हता. आमच्या घरातले एक माणूस ऐन उमेदीत दारूने गेले आहे. त्याची तिरडी दादांनी स्वतः बांधली होती. ज्याने ते पाहिले, त्याला "बाबा, ही द्राक्षाची आहे, ही वेगळी" असे सांगून काय उपयोग? पुतण्या सुट्टीत आला की माझ्याकडे उतरे. एका रात्री त्याने संगणक उघडला आणि म्हणाला, "काका, अण्णांना समजावू नका. पण आधी तुम्ही तरी हा चित्रपट बघा. दोन तासांचे काम आहे."

त्या चित्रपटाचे नाव 'बॉटल शॉक'. रँडल मिलर यांनी दिग्दर्शित केलेला हा अमेरिकन चित्रपट 2008 साली आला. नाव ऐकून कुणाला मारामारीचा चित्रपट वाटेल. पण 'बॉटल शॉक' हा वाइनच्या धंद्यातला शब्द आहे. वाइन पिपातून बाटलीत भरली किंवा लांबचा प्रवास करून आली, की काही दिवस ती मिटल्यासारखी होते. वास दबतो, चव लागत नाही. मग स्वस्थ पडू दिली की पुन्हा फुलते. सासरी आलेली नवी सून चार दिवस बोलत नाही, तसेच काहीसे.

कथा थोडक्यात अशी. वर्ष 1976. पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाचा एक इंग्रज गृहस्थ वाइनचे दुकान चालवतो आणि वाइन शिकवण्याची शाळाही. फ्रेंचांना फ्रेंच वाइन शिकवणारा इंग्रज! गिऱ्हाईक फिरकत नाही. त्याच्या डोक्यात येते की अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या वाइन आणि फ्रान्सच्या नामांकित वाइन एकमेकींशेजारी ठेवाव्यात आणि नावे झाकून फ्रेंच जाणकारांकडूनच चाखवून घ्याव्यात. तो कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात जातो. तिथे 'शातो माँटेलेना' नावाची एक जुनी, कर्जाखाली वाकलेली वाइनरी आहे. तिचा मालक जिम बॅरेट हा वकिली सोडून शेतीत शिरलेला हट्टी माणूस. त्याचा मुलगा बो हा लांब केसांचा, दिशाहीन. बाप-लेकांचे भांडण झाले की दोघे पिपांच्या मधोमध मुष्टियुद्धाचे हातमोजे चढवून उभे राहतात. आमच्या घरी ती सोय नव्हती, एवढाच फरक.

बाप या इंग्रजाला बाटल्या द्यायला तयार नसतो. मुलगा गुपचूप देतो. इतक्यात घात होतो. बाटल्यांत भरलेली पांढरी वाइन तपकिरी पडलेली दिसते. सारे वर्ष बुडाले म्हणून बाप ती टाकून द्यायला काढतो. दोन दिवसांनी तीच वाइन पुन्हा सोन्यासारखी स्वच्छ! शेवटी पॅरिसला परीक्षा होते आणि पहिला क्रमांक लागतो तो याच वाइनचा. ॲलन रिकमन या थोर नटाने स्परियरचे काम केले आहे. तोऱ्यात आलेला हा साहेब मोटारीत बसून तळलेली कोंबडी हाताने खाऊ लागतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा गर्व हळूहळू उतरत जातो, ते पाहताना मी मोठ्याने हसलो.

हसता हसता काय शिकलो, ते आता सांगतो.

पहिला धडा शेताचा. चित्रपटात जिम बॅरेट सांगतो की वेलीला फार लाडावू नये. पाणी आणि खत मुबलक मिळालेल्या वेलीचे फळ आळशी निघते. वेल झगडली पाहिजे, म्हणजे रस दाट होतो. आपल्याकडे द्राक्ष म्हणजे खाण्याचे द्राक्ष. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की मणी फुगावा, लांब व्हावा, साल पातळ राहावी, बी नसावी, यासाठी आपण जिवाचे रान करतो. वाइनचे द्राक्ष याच्या अगदी उलट. मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात ते कुणी फुकट दिले तरी घेणार नाही. पण वाइनचा रंग, सुगंध आणि तुरटपणा यांचा मोठा भाग सालीत असतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल अधिक. हे गणित चौथीतल्या मुलालाही कळेल, पण आयुष्यभर द्राक्षाच्या गावात राहून मला ते ठाऊक नव्हते.

दुसरा धडा माझ्या विषयाचा. द्राक्षातली साखर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव खातात, आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू होतात. हे आंबणे जिवंत जीवांचे काम आहे, हे पाश्चरने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले, आणि 1866 साली त्याने वाइनवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तांबडी वाइन करायची तर काळ्या द्राक्षाचा रस सालींसकट आंबवतात. पांढरी करायची तर रस आधी पिळून घेतात, साली बाजूला काढतात आणि मग आंबवतात. पुष्कळांची समजूत असते की पांढरी वाइन हिरव्या द्राक्षाचीच होते. तसे नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही आतला रस पांढराच असतो. रंग सालीचा.

तिसरा धडा हवेचा. सफरचंद कापून ठेवले की ते काळवंडते. फळातल्या विकराची आणि प्राणवायूची गाठ पडते, त्याचा तो परिणाम. वाइन करणारा माणूस म्हणूनच प्राणवायूपासून रसाला जपतो. चित्रपटातला विद्यापीठाचा प्राध्यापक जिमला सांगतो की तू वाइन इतकी काटेकोरपणे हवेपासून दूर ठेवलीस की बाटलीत भरताना मिळालेल्या थोड्याशा हवेनेच ती तात्पुरती तपकिरी झाली. रंग येईल आणि जाईल. म्हणजे जे कलंकासारखे दिसत होते, ते स्वच्छ कामाचे लक्षण होते! तीस वर्षे मी मुलांना ऑक्सिडीकरण शिकवले, पण त्या विषयावर कुणाचे डोळे पाणावलेले पाहिले नव्हते. ते या चित्रपटात पाहिले.

आता त्या परीक्षेकडे येतो. ती कल्पित नाही. 24 मे 1976 रोजी पॅरिसच्या इंटरकाँटिनेंटल हॉटेलात ती खरोखरच झाली. स्परियर आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांनी ती भरवली. 10 पांढऱ्या वाइन होत्या, 6 कॅलिफोर्नियाच्या आणि 4 फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या, सगळ्या शार्दने जातीच्या द्राक्षाच्या. 10 तांबड्या होत्या. त्यांत 6 कॅलिफोर्नियाच्या आणि 4 बोर्दोच्या नामांकित घराण्यांच्या. 9 फ्रेंच परीक्षक. कुणी मोठ्या उपाहारगृहाचे मालक, कुणी स्वतः वाइन करणारे, आणि ओडेत कान नावाच्या बाई तर फ्रान्सच्या वाइनविषयक मासिकाच्या संपादिका. प्रत्येकाने प्रत्येक वाइनला 20 पैकी गुण द्यायचे. कोणत्या पेल्यात कोणाची वाइन, हे त्यांना माहीत नव्हते.

निकाल असा लागला. पांढऱ्यांत पहिली शातो माँटेलेनाची 1973 सालची शार्दने. तांबड्यांत पहिली कॅलिफोर्नियाचीच, स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स यांची 1973 ची काबेर्ने सोव्हिन्यों, आणि तिने मागे टाकले ते बोर्दोच्या मूतों-रोथशिल्डसारख्या घराण्याला. समोर पेला असताना परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या वाइनला फ्रान्सची म्हणून दाद दिली आणि फ्रान्सच्या वाइनला नाके मुरडली, असेही घडले. ओडेत कान यांनी निकालानंतर आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियरनी ती दिली नाही. बोलावलेल्या पत्रकारांपैकी एकटे 'टाइम' साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर हजर राहिले होते. त्यांनी पुढच्याच महिन्यात छोटीशी बातमी छापली, आणि ती साऱ्या जगात पोहोचली. आज त्या दोन विजेत्या वाइनच्या बाटल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.

श्रोतेहो, यातून अमेरिका श्रेष्ठ आणि फ्रान्स कनिष्ठ असा अर्थ काढणे हा पोरकटपणा होईल. तांबड्या वाइनमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांत, 9 परीक्षकांचे गुण मिळवले तर, अवघ्या दीड गुणाचे अंतर होते. दुसऱ्या दिवशी तीच परीक्षा घेतली असती तर निकाल फिरलाही असता. खरी गोष्ट निराळी आहे. ज्यांना वाटत होते की आपण जिभेने पारखतो, ते कितीतरी वेळा कागदाच्या चिठ्ठीने पारखत होते. 2001 साली बोर्दोमधल्या संशोधकांनी याहून गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनचे शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना त्यांनी पांढऱ्या वाइनमध्ये चव-वास नसलेला तांबडा रंग मिसळून दिली. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनचे शब्द वापरून केले! डोळ्यांनी नाकाला फसवले. आपण तरी काय करतो? आंबा देवगडचा म्हटला की आपली जीभ आधीच मान डोलावते. स्थळ सांगून आले की घराण्याचे नाव ऐकूनच मुलगा हुशार ठरतो. शाळेत उत्तरपत्रिका तपासताना वर नाव दिसले की माझ्याही हातातली लेखणी क्वचित वाकली असेल, आणि हे मी आज इतक्या विद्यार्थ्यांसमोर कबूल करतो. म्हणून तर मोठ्या परीक्षांत नावे झाकतात. नाव झाकणे हा अपमान नसून न्यायाची ती पहिली अट आहे.

परंतु चित्रपटाने शिकवलेले सारेच खरे मानू नये, हेही त्याच चित्रपटाने मला शिकवले. तो संपल्यावर मी पुतण्याला विचारले, "ही वाइन प्रत्यक्ष केली कोणी? मालक वकील, मुलगा उनाड. मग पिपापाशी उभे कोण होते?" तो हसला आणि म्हणाला, "काका, नेमके तेच चित्रपटात नाही."

ती वाइन केली होती माइक ग्रगिच यांनी. 1923 साली क्रोएशियातील एका लहान गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा माणूस झाग्रेबच्या विद्यापीठात वाइनची विद्या शिकला, जर्मनी आणि कॅनडा करीत 1958 साली नापा खोऱ्यात पोहोचला. त्याची पुठ्ठ्याची पेटी आज त्याच अमेरिकन संग्रहालयात आहे. तिच्यातून त्याने वाइनची पुस्तके आणली होती. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या वाइनरींत काम करून तो माँटेलेनात आला होता. 'बॉटल शॉक'च्या कथेत त्याला पात्र म्हणून स्थानच नाही. त्या शार्दनेसाठी बरीचशी द्राक्षे शेजारच्या सोनोमा भागातल्या शेतकऱ्यांकडून विकत घेतलेली होती. त्यांचाही पत्ता नाही. तांबड्यांत पहिले आलेले वॉरेन विनियार्स्की हे एकेकाळी विद्यापीठात शिकवणारे गृहस्थ. त्यांच्या विजयाला चित्रपटात जवळजवळ जागाच नाही. उघड्या आकाशाखाली भरलेली परीक्षाही खरी नाही, कारण प्रत्यक्षात ती हॉटेलच्या छपराखाली झाली. आणि स्परियर त्या वेळी अवघे 34 वर्षांचे होते, रिकमनसारखे पिकल्या केसांचे नव्हते.

चित्रपटाला नायक हवा असतो, आणि बाप-लेकाच्या भांडणात नायक लवकर सापडतो. पुस्तकांची पेटी घेऊन आलेला, पिपाला कान लावून बसणारा माणूस पडद्यावर आणणे अवघड. पण गंमत पाहा. झाकलेल्या बाटल्यांनी ज्याला न्याय दिला, त्याचेच नाव त्या न्यायाची कथा सांगणाऱ्यांनी झाकले! ग्रगिच यांनी 1977 मध्ये स्वतःची वाइनरी काढली, आणि डिसेंबर 2023 मध्ये, शंभरी पूर्ण करून, ते वारले. स्परियर 2021 मध्ये गेले, विनियार्स्की 2024 मध्ये. म्हणून मी म्हणतो, चित्रपटाने दार उघडावे, पण घरात आपल्या पायांनी शिरावे.

आता आपल्या दारातली गोष्ट. कॅलिफोर्नियाशी आपला संबंध नुसता पडद्यावरचा नाही. राजीव सामंत हे कॅलिफोर्नियातील नोकरी सोडून नाशिकला परतले, 1997 मध्ये त्यांनी वाइनच्या द्राक्षाच्या वेली लावल्या, आणि केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियाच्या जाणकाराच्या मदतीने 2000 साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. त्याआधी नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फेसाळत्या वाइनचा प्रयोग केला होता. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष-प्रक्रियेचे धोरण आखले. म्हणजे 1976 मध्ये नापा जिथे उभे होते, तिथे आपण काल-परवा येऊन उभे राहिलो आहोत. लेबलावर नाशिक वाचून तोंड वाकडे करणारे आपल्यातच पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे बाटली कागदात गुंडाळून ठेवावी. आणि लेबलावर नाशिक वाचून डोळे मिटून जयजयकार करणारेही आहेत. त्यांच्यापुढेही कागदातच ठेवावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. 2022 च्या जानेवारीत सरकारने मोठ्या दुकानांत वाइन ठेवू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा "वाइन म्हणजे दारू नव्हे" असे वाक्य चहूकडे ऐकू आले. रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून मी ते मान्य करू शकत नाही. वाइनमध्ये साधारणपणे शेकडा 12 ते 14 मद्यार्क असतो, आणि तो गावठीतल्या मद्यार्काहून निराळा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. तेव्हा विद्या ही विद्या आणि सेवन हे सेवन. सापाच्या विषाचा अभ्यास करणारा ते चाटून पाहत नाही. दादांचा राग मला म्हणूनच कधी चुकीचा वाटला नाही. त्यांनी मुलाला त्याच्या कामावरून न पाहता कामावरच्या चिठ्ठीवरून पाहिले, एवढेच मला खटकत होते.

मी दादांना चित्रपट दाखवला नाही. ते बसले नसते. पण गेल्या वर्षी फेब्रुवारीत, द्राक्ष तोडणीच्या दिवसांत, पुतण्याचा डबा पोचवण्याचे निमित्त करून मी त्यांना वाइनरीत घेऊन गेलो. फाटकापाशीच ते म्हणाले, "मी आत येणार नाही." अंगणात ट्रॅक्टरमधून पाट्या उतरत होत्या, काळी, बारीक मण्यांची द्राक्षे. दादा तिथेच उभे राहिले. शेतकऱ्याचा हात फळापाशी गप्प राहत नाही. त्यांनी एका पाटीतला मणी उचलला, तोंडात टाकला, साल चावली, बी दातांत फोडून पाहिली. मग दुसऱ्या पाटीतला. मग तिसऱ्या. पाट्यांवर नावे नव्हती, नुसते आकडे होते. तिसऱ्या पाटीशी ते थांबले आणि कुणालाही उद्देशून नाही असे म्हणाले, "याला शेवटी पाणी जास्त दिलंय. बी अजून हिरवी आहे. हा चार दिवस आधी तोडला."

पुतण्या मागे येऊन उभा होता, हे त्यांनी पाहिले नव्हते. तो वहीत पाहून म्हणाला, "खरं आहे, अण्णा. सकाळी साखर मोजली तेव्हा याच मालाची कमी आली." दीड वर्षानंतर दोघांत झालेले ते पहिले वाक्य. दादांनी लगेच काही उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "मोजता कशानं?" आणि पोराने त्यांना ते लहानसे यंत्र दाखवले. काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचे आणि आत आकडा वाचायचा. दादांनी पाच पाट्यांचा रस त्यात पाहिला. पाचही वेळा आकडा वाचण्यापूर्वी ते आपला अंदाज सांगत. चारदा बरोबर आले.

ते आत गेले नाहीत, पेल्याला त्यांनी हात लावला नाही, आणि लावावा असे मला वाटलेही नाही. घरी आल्यावर वहिनींना मात्र म्हणाले, "पोरगं माल बघतं." आमच्या घरात याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

श्रोतेहो, एका करमणुकीच्या चित्रपटातून मी द्राक्षाची साल शिकलो, हवेचा खेळ शिकलो, फ्रान्स-अमेरिकेचा वाद शिकलो. पण ज्याचा उपयोग मला घरात झाला, ती गोष्ट एकच. नाव वाचण्यापूर्वी माल चाखावा, आणि चाखून झाल्यावर तो कुणी केला हे आवर्जून विचारावे. पहिले केले नाही तर आपण भुलतो. दुसरे केले नाही तर आपण कृतघ्न ठरतो.